पाठ फिरवलेला डबा

१

फिटरचा सगळा जन्म टीव्हीच्या पाठीमागे गेला. लोक समोर सोफ्यावर बसून हसायचे, डोळे पुसायचे, रिमोटवरून भांडायचे. हा भिंत आणि टेबल यांच्या फटीत मान घालून, तोंडात टॉर्च धरून, कोळिष्टकं झटकत बसायचा. सव्वीस वर्षांत त्यानं गच्चीवर डिशच्या किती छत्र्या बसवल्या आणि त्यांची काळी केबल किती घरांत उतरवली, याचा हिशेब त्यालाही नव्हता. केबल ज्याला जोडायची तो रेकॉर्डर बॉक्स त्याच्या भाषेत नुसता 'डबा'. कार्यक्रम दाखवायचा आणि आतल्या डिस्कवर साठवूनही ठेवायचा.

डब्याच्या पाठीला आठ पोर्ट. त्यातले कामाचे तीन. बाकीचे जन्मभर धूळ खात. त्यातही सगळ्यात उजवीकडचं, फोनच्या तारेसाठी ठेवलेलं चौकोनी भोक म्हणजे नुसतं नावाला. कंपनीनं कधीकाळी काही सोय द्यायची ठरवली होती. सोय आली नाही, भोक राहिलं. फिटरनं शेकडो डबे उघडले होते. त्या भोकाच्या मागे सर्किटची एक तार जात नव्हती. गिऱ्हाईक विचारायचं, "हे कशाला हो?" हा म्हणायचा, "शोभेला."

त्या दिवशी तक्रार होती एका शिंप्याची. रेकॉर्डिंग होत नाही, डिस्क भरली असं दाखवतं. फिटरनं यादी उघडली. यादी कोरी होती. एकही कार्यक्रम साठवलेला नाही, तरी डिस्क काठोकाठ भरलेली. होतं असं कधीकधी. डिस्क पुसली की काम झालं. केबल काढायला म्हणून त्यानं डबा पुढे ओढला आणि टॉर्च मारला, तर त्या चौकोनी भोकात चिंध्यांचा बोळा ठासून भरलेला. वरून मेण.

"हे कोणी कोंबलं?"

शिंप्याचं मशीन थांबलं. "मी."

"का?"

"वारा येतो."

"डब्यातून?"

"डब्यातून," शिंपी म्हणाला आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

फिटर मनात हसला. घरोघरी फिरणाऱ्याला माणसांचे नमुने नवे नसतात. त्यानं डिस्क पुसली, सही घेतली आणि निघाला. शिंप्याच्या भिंतीवर एका बाईचा फोटो होता, आणि फोटोतल्या बाईचं तोंड कोणीतरी कागदाची पट्टी चिकटवून झाकलं होतं, हे त्याला पार खाली रस्त्यावर आल्यावर आठवलं. पट्टी सरळ कापलेली होती. शिंप्यानं कापलेली असावी, इतकी सरळ.

२

पुढच्या दीड महिन्यात असे आणखी चार डबे निघाले. तक्रार तीच, डिस्क भरलीय आणि यादी कोरी. आणि भोक तेच. एका घरी मेणबत्ती ओतलेली. एका घरी जखमेवर लावायची पट्टी, एकावर एक सात. एका भरल्या घरात, जिथे सुना-नातवंडांचा गलका होता, तिथे च्युइंगमचा गोळा. तो काढायला गेल्यावर कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले आजोबा एवढंच म्हणाले, "राहू द्या ते. नंतर मलाच चघळावं लागतं."

फिटरनं ही गंमत कंपनीच्या डेपोतल्या स्टोअरवाल्याला सांगितली. स्टोअरवाला म्हणजे तोंडाला कुलूप नसलेला माणूस.

"मेंढरं आहेत लोक," तो म्हणाला. "मोबाईलचा कॅमेरा झाकतात, लॅपटॉपचा झाकतात. एकानं केलं की दुसरा करतो. उद्या नळाला बूच मारतील."

"पण आठातलं तेच भोक का?"

"कोपऱ्यातलं आहे म्हणून. माणूस कोपऱ्यापासून सुरुवात करतो."

"मग बाकीची सात का नाहीत बुजवली?"

"कंटाळला असेल! तू पण ना. जा, तुझी गाडी भर."

फिटरला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. ही पाचही घरं शहराच्या पाच टोकांना होती, एकमेकांना ओळखत नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट उकरत बसलं तर पोट भरत नाही.

३

सहावं घर एका निवृत्त परिचारिकेचं होतं. दोन खोल्या, इस्पितळासारख्या स्वच्छ. चादरीला सुरकुती नाही, घड्याळ दोन मिनिटं पुढे. बाई खिडकीशी ताठ बसलेल्या.

"त्या भोकात साबण आहे," फिटरनं डबा ओढायच्या आधीच त्यांनी सांगितलं. "काढावा लागला तर काढा. पण लगेच परत लावायचा. नवी वडी बाजूला ठेवलीय."

स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्यानं साबण उचकटला. गोळी अख्खी निघाली. आतली बाजू वर करून त्यानं ती टॉर्चखाली धरली, आणि धरूनच राहिला. बाहेरच्या बाजूला बाईंच्या अंगठ्याचा ठसा होता. आतल्या बाजूलाही ठसा होता. बारीक उभ्या रेघा, मध्ये एक आडवी खाच. आरशावर कुणी तोंड टेकवलं की उमटतात तशा. ओठांच्या.

पोर्टच्या पत्र्यानं उमटल्या असतील, त्याच्या मनात आलं. साबण मऊ असतो, दबतो, सुकताना चिरतो.

"बाई," तो म्हणाला, "ह्याच्यातून येतं तरी काय?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मुलं किती तुम्हाला?"

"एक मुलगी."

"बोलते?"

फिटरनं साबणाची गोळी कागदात गुंडाळायला घेतली.

"माझा मुलगा लांब असतो," बाई सांगू लागल्या. "रविवारी फोन करतो. दोन मिनिटं. 'गोळ्या घेतल्यास का, दार लावलंस का, ठेवतो.' पहिल्यापासून तसाच, तुसडा. बापावर गेलाय. आणि हा..." त्यांनी डब्याकडे बोट केलं नाही, नुसती हनुवटी हलवली. "आवाज त्याचाच. हुबेहूब. पण सारखी लाडीगोडी. 'आई, दमलीस का? आई, पाय दाबून देऊ का?' सहा महिने ऐकलं मी. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं. मग एक दिवस म्हणाला, 'आई, रविवारी त्याचा फोन आला तर उचलू नकोस.'"

"मग?"

"मग साबण लावला."

फिटरनं मान डोलावली. एकटं माणूस, भिंतींशी बोलून बोलून भिंती बोलायला लागतात. त्याची नजर बाईंनी ओळखली.

"पस्तीस वर्षं मी वेड्यांच्या वॉर्डात काढली आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत्ता माझ्याकडे बघताय ना, तसं मी लोकांकडे बघायचे. लावा तो साबण. आणि दाबून लावा."

त्यानं दाबून लावला. अंगठा भोकावर असताना आतून काही लागल्यासारखं वाटलं, उबदार आणि ओलसर. डबा तापतोच. आणि साबण ओला होता.

४

त्या दिवशी पुढचं काम रद्द झालं आणि फिटर भरदुपारी घरी आला. तिसरा मजला, एका ओळीत तीन खोल्या. बाहेरच्या खोलीत टीव्ही.

ह्या घरात चार वर्षं कामापुरतं बोलणं होतं. दूध संपलंय. दिवा गेलाय. किल्ली घ्या. त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी एका सकाळी लेकीचा फोन आला होता, सासरहून निघालेय, बसस्टँडवर उतरतेय, कायमची येतेय. तिचं खरं नाव घरात कोणी घेत नसे. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून ती भिंगरी, मोठी झाली तरी भिंगरीच. बायकोनं आतली खोली झाडली, गादीला नवी खोळ घातली, स्वयंपाकाला लागली. फिटर लेकीला आणायला गेला. तिथे बाकावर बसून त्यानं तिचं ऐकून घेतलं, मनगटावरचा डाग पाहिला, आणि मग त्याला ठाऊक असलेलं एकमेव शहाणपण सांगितलं: संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागतं, थोडं सोसावं, चार दिवसांनी सगळं निवळतं. त्यानं तिला परतीच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून बिस्किटांचा पुडा दिला. तिनं तो मांडीवर घेतलाही नाही, तसाच बाजूच्या सीटवर ठेवला.

घरी एकटा परतला तेव्हा बायको दारात उभी होती. त्याच्या मागे कोणी नाही हे दिसल्यावर ती आत गेली आणि रांधलेलं सगळं झाकून ठेवलं. भांडली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. लेक सासरी पोचलीच नव्हती, मधेच कुठेतरी उतरली. सहा महिन्यांनी एक निरोप आला, "मी ठीक आहे. शोधू नका." मग तो नंबरही बंद झाला.

तर त्या दुपारी फिटरनं दार उघडलं आणि त्याला पहिल्यांदा काय चुकतंय तेच कळेना. टीव्ही बंद होता. बायको बुटक्या स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, मान थोडी तिरकी. केस नीट विंचरलेले. आणि ती गुणगुणत होती. चार वर्षांत त्यानं तिचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं.

मग त्याची नजर टीव्हीखालच्या फळीवर गेली. डब्याचं तोंड भिंतीकडे होतं. आठही पोर्ट खोलीकडे बघत होते.

"हा उलटा का ठेवलाय?"

"तापतो," बायको म्हणाली.

"टीव्ही तर बंद आहे."

"बरं मग?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्या शहराच्या डब्यांची पाठ तपासत फिरणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरच्या डब्याकडे महिनोन्महिने ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यानं जवळ जाऊन टॉर्च मारला. इतर पोर्टवर धुळीची साय होती. कोपऱ्यातलं चौकोनी भोक मात्र लख्ख होतं, कडा गुळगुळीत झालेल्या, रोज वापरातल्या कडीसारख्या. रिमोट उचलून त्यानं यादी पाहिली. कोरी. डिस्क भरलेली.

५

दुसऱ्या दिवशी तो कामाला निघाला, जिन्यात थांबला, अर्ध्या तासानं चोरपावलांनी परत आला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिला. स्वतःच्याच घरात चोर झालेला माणूस.

"हं," बायको म्हणत होती. "मग?... अगं बाई!... नाही गं, तो स्वेटर मी उसवला, छातीत घट्ट व्हायचा तुला... हं... हं..."

मध्ये मध्ये ती थांबत होती, आणि ते थांबणं बरोबर तेवढंच होतं, जेवढं समोरच्याला एक वाक्य बोलायला लागतं. फिटरनं कान देऊन ऐकलं. डब्याच्या पंख्याची घरघर, डिस्कची टिकटिक, बाकी काही नाही. एकदा बायको हसली. हसताना तिनं तोंडावर हात धरला, नवी नवरी असताना धरायची तसा. त्याला भीती वाटायला हवी होती. वाटला तो हेवा.

न राहवून तो बाहेर आला, गुडघ्यावर बसला आणि डब्याला कान लावला. पत्रा कोमट. कानाच्या पाळीला झुळूक लागली, बस्स.

"काय म्हणते?" त्यानं विचारलं. विचारताना आपला आवाज घोगरा झालाय हे त्याला कळलं.

चार वर्षांत पहिल्यांदा बायकोनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. "पुष्कळ काही."

"माझ्याबद्दल?"

"तुमचं नावसुद्धा काढत नाही."

"राग असेल."

"राग नाही हो," ती अगदी समजुतीनं म्हणाली. "तुम्ही आठवतच नाही तिला. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, कोण बाबा?"

त्या दिवशी बायको भाजी आणायला खाली गेल्यावर त्यानं ते भोक बुजवलं. साबण-बिबण नाही. छत्रीचे बोल्ट पक्के करायला वापरायची ती दोन रंगांची लांबी, म्हणजे पुट्टी, मळली, कोंबली, अंगठ्यानं सपाट केली. ती वाळली की छिन्नीशिवाय निघत नाही. बायको आली, तिनं पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि स्टुलावर बसली.

सकाळी लांबीचा तो चौकोनी ठोकळा फळीवर पडलेला होता. अख्खा, एकाही चिरेशिवाय, आतली बाजू खाली.

"तू काढलास?"

"मी कशाला हात लावू," बायको म्हणाली. "माझ्यानं निघाला असता का तो?"

बायकोनंच काढला असणार. रात्रभर खटपट केली असणार, त्यानं स्वतःला बजावलं. ठोकळा उचलून तो खालच्या कचराकुंडीत टाकून आला. टाकण्याआधी उलटा करून बघायला हवा होता. त्यानं बघितला नाही.

६

त्यानं दुसरा विचार केला, आणि तो खरं तर चार वर्षांपूर्वी करायला हवा होता. खोट्या नाण्याला खरं नाणं हाच उतारा. लेकीला आणायची. समोर उभी करायची. मग डब्यातल्याला कोण विचारतो.

लेकीची एक मैत्रीण औषधाच्या दुकानात काम करायची. तिच्याकडे नंबर असणार, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. त्यानं कधी विचारला नव्हता. तो काउंटरपाशी उभा राहिला. मैत्रिणीनं तीन गिऱ्हाइकं उरकली, चौथं उरकलं, मग म्हणाली, "काका, चार वर्षांत सुचलं नाही, आज बरं सुचलं."

"तिची आई बरी नाही."

"म्हणजे तुमची अडचण झाली म्हणून." तिनं औषधाच्या पुडीवर नंबर लिहिला आणि पुडी सरकवली. हातात दिली नाही.

फिटरनं गाडीत बसून फोन लावला. पलीकडे कसल्यातरी यंत्राचा धडधडाट होता.

"कोण?"

"मी."

धडधडाट चालू राहिला. मग आवाज आला, कोरडा, जाड झालेला. "आई गेली का?"

"नाही, नाही. पण बरी नाही. मनानं. तुझ्याशी..." त्याला पुढचं वाक्य जमवता आलं नाही. "तू ये. एकदा."

"तुमच्यासाठी नाही येणार."

"नको येऊस माझ्यासाठी."

"शनिवारी दुपारी येते," ती म्हणाली. "बसस्टँडवर घ्यायला येऊ नका."

७

शनिवारी दोन वाजल्यापासून तो इमारतीखाली उभा होता. ती आली तेव्हा त्यानं आधी ओळखलंच नाही. केस कापलेले, गाल आत गेलेले, नखांत शाई. छापखान्यात होती, मशीनवर. तिनं त्याच्याकडे पाहून मान हलवली, एखाद्या साहेबाकडे पाहून हलवावी तशी, आणि जिना चढू लागली. एका जागी न ठरणारी ती मुलगी आता एकेक पायरी मोजून चढत होती. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली.

"ओरडेल का मला?"

"नाही गं," फिटर म्हणाला. "वाट बघतेय तुझी."

त्यानं किल्लीनं दार उघडलं. बायको स्टुलावर होती. उन्हाचा एक पट्टा फळीवर पडला होता आणि उलट्या डब्याच्या पोर्टवरून गेला होता. सात भोकांत ऊन शिरलं होतं. आठव्यात नव्हतं.

"या," बायको उठून म्हणाली. "बसा ना."

फिटरला वाटलं आपल्याला म्हणतेय. मग लक्षात आलं, ती लेकीकडे बघून म्हणतेय.

"आई," लेक म्हणाली.

"पाणी देऊ का तुम्हाला? जिना उंच आहे आमचा."

"आई, काय हे? मी आहे. भिंगरी."

बायको कसनुसं हसली. परक्याच्या पोरानं खोटं बोलावं आणि आपण त्याला पकडू नये, तसं. मग नवऱ्याकडे वळली. "अहो, सांगा ना ह्यांना. भिंगरी आतच आहे म्हणावं."

एवढा वेळ दगडासारखी असलेली लेक फुटली. बॅग तिथेच टाकून ती आईच्या पायाशी बसली, तिचे दोन्ही हात धरले, त्यात तोंड खुपसलं. काय काय बोलत होती, फिटरला निम्मं कळलं नाही. बस, मधला स्टॉप, पहिली रात्र कुठे काढली, फोन करायला किती वेळा उचलला आणि ठेवला. चार वर्षांचं तुंबलेलं सगळं एका दमात. बायकोनं ते शांतपणे ऐकलं. मग तिनं लेकीचा तळवा उलटा करून पाहिला, अंगठ्यानं चाचपला.

"फार खरखरीत झालेत हो हात तुमचे," ती कळवळून म्हणाली. "काहीतरी लावत जा."

डब्याच्या पंख्याची घरघर थांबल्याचं फिटरच्या लक्षात आलं.

"आई, कोण आलंय गं?"

त्याला वाटलं लेकच बोलली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, खालचा दातांत धरलेला. आवाज तिचा होता. पण हा फोनवरचा जाड, कोरडा आवाज नव्हे. सोळाव्या वर्षीचा, शाळेतून आल्या आल्या चपला भिरकावून आत पळणारा, कुठे तडा नसलेला. तो फळीवरून आला होता. फिटर सव्वीस वर्षं ज्या भोकाला शोभेचं म्हणत होता, त्यात त्यानं पाहिलं. काळोखात काहीतरी फिकं होतं, अगदी जवळ. ते हललं. दारापलीकडे कान लावून उभं असलेलं माणूस आता नीट ऐकू यावं म्हणून जागा बदलतं, तेवढंच.

बायकोनं लेकीचा हात सोडला आणि स्टूल फळीजवळ ओढलं.

"कोणी नाही गं राणी," ती म्हणाली. "चुकून आलेत."

८

लेक जिना उतरली, फिटर तिच्या मागे. खाली आल्यावर तिनं बॅगेचा बंद नीट केला, पुन्हा सोडला, पुन्हा नीट केला.

"तो माझा आवाज होता ना?"

"टीव्ही असेल."

"टीव्ही बंद होता, बाबा." इतक्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा बाबा म्हटलं, आणि तेही कसलं वाक्य सांगायला. "चांगली वाटली ती," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा."

"पुन्हा येशील?"

"कोणाकडे?"

ती गेली. एकदाही मागे वळली नाही, आणि वळून तिनं तरी काय पाहायचं होतं. त्यानं नंतर दोनदा तो नंबर लावला. पहिल्यांदा वाजत राहिला. दुसऱ्यांदा तो नंबर अस्तित्वात नाही असं एक बाई सांगू लागली, फार गोड आवाजात, आणि त्यानं घाईघाईनं फोन कापला.

डबा फोडावा असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. एकदा त्यानं हातोडी काढलीही. पण बायकोचं अंग भरलं होतं, चेहऱ्यावर तजेला आला होता. दोन वेळ जेवत होती, वेळेवर उठत होती. चार वर्षांत तो जे देऊ शकला नाही ते त्या पत्र्यानं दिलं होतं. फोडून तो तिला काय देणार होता? स्वतःला? त्यानं हातोडी पिशवीत ठेवली.

आता तो सकाळी सगळ्यात आधी डेपोत जातो आणि सगळ्यात शेवटी निघतो. स्टोअरवाला म्हणतो, "बढती हवीय वाटतं म्हाताऱ्याला." तो हसतो. कोणाकडे डिस्क भरल्याची तक्रार आली तर डिस्क पुसतो आणि बुजवलेल्या भोकाविषयी चकार शब्द काढत नाही.

परवा संध्याकाळी तळमजल्यावरच्या वहिनींनी त्याला जिन्यापाशी गाठलं. भल्या बाई, दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून खरोखर आनंदणाऱ्या.

"भाऊ, लेक आली वाटतं तुमची! मला बोलला नाहीत. दिवसभर दोघी मायलेकींचं काय चाललेलं असतं हो, हसणं काय, खिदळणं काय, खालपर्यंत ऐकू येतं. इतकं बरं वाटलं मला! आता नका पाठवू हो तिला कुठे."

"नाही," फिटर म्हणाला. "आता ती जात नाही."

तो तीन मजले चढला. दाराबाहेर क्षणभर उभा राहिला. आत दोघी हसत होत्या.

त्यानं किल्ली फिरवली, आणि हसणं थांबलं.